ताटं वाजतील असा कॅमशाफ्ट

हिंगणघाटला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. काउंटरवर मीच बसते. नवं गिऱ्हाईक आलं की माझ्या खांद्यावरून मागे बघतं आणि विचारतं, "मालक नाईत का?" मी सांगते, "मालक जेवाले गेले, तोवर मलेच सांगा." मग ते क्लचप्लेट भलत्याच गाडीची मागतं आणि मी त्याच्या गाडीची काढून देते. मालक अजून जेवूनच राह्यले आहेत. इतक्या वर्षांत काही परत आले नाहीत.

तर या दुकानात एका सकाळी माझे बाबा आले. वडनेरला आमची शेती, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. बाजाराच्या कामानं बाबा हिंगणघाटला आले की दुकानात डोकावतात, सरळ काउंटरच्या आत शिरतात, माझ्या खुर्चीवर बसतात, पंखा आपल्याकडे वळवतात आणि मला उभं ठेवतात. त्या दिवशी मात्र ते बाहेरच उभे राहिले, गिऱ्हाइकासारखे. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं काउंटर पुसत म्हणाले, "कॅमशाफ्ट भेटते का तुह्याकडे?"

"कोणत्या गाडीचा?"

"आपल्या."

"काऊन वो, पह्यला खराब झाला का?"

"नाई, तो चांगला आहे," ते म्हणाले. "मले थोडा खराब पायजे."

मी कपाळाला हात लावला. माझा राग तसा नाकावरच असतो, आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तर विचारूच नका. पण बाबांनी खिशातून मोबाइल काढून मला एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कोणी दाढीवाला माणूस, त्याची गाडी जागेवर उभी, आणि इंजिन असं उचक्या देत चाललेलं की सगळी गाडी थरथरत होती. दाढीवाल्यानं बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवला. ग्लास सरकत सरकत कडेला गेला आणि खाली पडला.

"पाह्य," बाबा म्हणाले. "गिलास पडला."

"मग?"

"आपल्या गाडीचंबी असं झालं पायजे. तुह्या आईले गाडी ऐकू येत नाई आता."

हे बोलताना त्यांचा आवाज फाटला. मी खुर्ची बाहेर आणली आणि त्यांना बसवलं.

आमची गाडी म्हणजे कार्ब्युरेटरच्या जमान्यातली, चौकोनी, पांढरी. पासिंग वाढवत वाढवत अजून रस्त्यावर आहे. तिला एक खोड आहे. गरम इंजिन बंद केलं की ती लगेच सेल्फ घेत नाही, धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. म्हणून बाबा कुठेही थांबले तरी इंजिन चालूच ठेवतात. मी किती वेळा म्हटलं, नवीन सेल्फ बसवून देते. तर म्हणे, "कायले? चालते ना थे."

आणि घरातली रीत अशी की गाडी देवळाच्या वळणावर आली की आई उठायची. अंगणात चार बायकांत बसलेली असली तरी बोलता बोलता मध्येच उठायची, "आले," एवढंच म्हणायची आणि चहा मांडायची. बाकी कोणाला काही ऐकूच आलेलं नसायचं. मी तर लहानपणी कान देऊन देऊन थकायची. बाबा गाडी शेडमध्ये लावून, हातपाय धुवून खाटेवर बसले की कप समोर. बाबांना याचा भलता तोरा. चार माणसांत सांगायचे, "मी घरी पोचाच्या आंधी माहा चहा पोचते."

दिवाळीत बाबांची शुगर निघाली. आईनं साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवला, आणि बाबांचा चहा त्या दिवसापासून बिनसाखरेचा झाला. कुरकुरले, पण प्यायले. त्याच्यानंतर थोड्या दिवसांनी हे सुरू झालं. गाडी यायची आणि चहा नसायचा. आई टीव्हीसमोर बसलेली, आणि टीव्हीचा आवाज एवढा की शेजारच्यांना मालिका फुकटात ऐकू यावी. बाबांनी दारातून आवाज दिला तरी मान वळायची नाही. आधी त्यांना वाटलं, थकली असन. मग वाटलं, मालिकेत जीव अडकला असन. शेवटी एक दिवस ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तिचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदा. आमच्याकडे नवऱ्यानं असं नाव घेतलं तर बाई जागेवरून उडेल. आई हलली नाही.

"तवाच समजलो मी," बाबा माझ्या दुकानात खुर्चीवर बसून सांगत होते. "माय, तुही आई बयरी होऊन राह्यली."

वर्ध्याला कानाच्या डॉक्टरकडे चल म्हणून तिच्या कानाशी ओरडून बघितलं होतं त्यांनी. आईनं एकच उत्तर दिलं होतं, "माह्या कानाले काही झालं नाई, तुमच्या डोक्स्याले दाखवा." आता बहिऱ्या माणसाला आपण बहिरे आहोत हे पटत नाही, हेही बाबांनी मोबाइलवरच वाचलं होतं. त्यामुळे त्यांची खात्रीच झाली.

"हॉर्न वाजवा ना मग," मी म्हटलं.

"वाजवला. शेजारचा बाहेर आला, काय झालं म्हने."

"सायलेन्सर मोठ्या आवाजाचा बसवून देते."

"मी काय फटफटीवाला पोट्टा आहो का? अन आवाज कानालेच जाईन ना. मले कानाचं कामच नाई पायजे." मग त्यांनी हळू आवाजात मला पूर्ण योजना सांगितली. शेडची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. त्या भिंतीवर आईची ताटांची मांडणी. गाडी भिंतीला लावून उभी केली की जुन्या दिवसांतही एखादं ताट किरकिरायचं. आता इंजिन जागेवरच असं थरथरलं पाहिजे की सगळी मांडणी वाजेल, फरशी हलेल, आईच्या पायाला कळेल. "तिले ऐकू येवो ना येवो. ताटं वाजले की चहा मांडन. पह्यल्यासारखी."

मला हसू आलं. सगळी दुनिया कॅम बदलते गाडी पळावी म्हणून, आणि माझा बाप बदलणार होता गाडी उभी असताना नीट चालू नये म्हणून.

आता कॅमशाफ्ट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या गिऱ्हाइकांसारखे मालकाची वाट बघाल. इंजिनात एक दांडा फिरतो, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. ते व्हॉल्व्ह दाबून उघडतात. हवापेट्रोल आत घेणारा एक, धूर बाहेर सोडणारा दुसरा. उंचवटे मोठे आणि लांबट केले की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात, आणि इंजिन जोरात फिरताना छाती भरून श्वास घेतं. पण हळू चालताना दोन्ही दारं एकदम उघडी राहतात, आलेला माल मागच्या दारानं निघून जातो आणि इंजिन लंगडतं. गाडी पळवणारे हे लंगडणं सहन करतात. बाबांना तेवढंच हवं होतं.

मी कोइमतूरच्या एका कॅम घासून देणाऱ्याला फोन लावला. तिकडे शर्यतीच्या गाड्यांचं काम चालतं. हिंदी आमचं दोघांचंही तोडकंमोडकंच. त्यानं गाडीचं वजन विचारलं, कार्ब्युरेटर विचारला, मग विचारलं की जास्तीत जास्त किती स्पीड पाहिजे.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "चाळीस."

मी तेच त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, एकशे चाळीस ना? मग त्यानं विचारलं, गाडी कुठे चालवता? मी सांगितलं, वावरात जायला, बाजाराला, आणि कापसाच्या दिवसांत जिनिंग मिलसमोरच्या गाड्यांच्या रांगेत. तो बिचारा फारच प्रामाणिक. म्हणाला, मॅडम, तुम्हाला कॅमची गरजच नाही, आहे तोच सगळ्यात चांगला आहे. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि ओरडले, "भैया, बर्तन बजने चाहिए!"

त्यानं तीन कॅम सुचवले, मी ते कागदावर लिहून घेतले. पहिला सभ्य, रस्त्यावरचा. चढावर जरा ताकद येईल, बाकी कोणाला कळणारही नाही. मी म्हटलं हाच. तिसरा शर्यतीचा. बाबांनी बोट तिसऱ्यावर ठेवलं ते काही केल्या उचलेनात. अरे बाप्पा, त्या तिसऱ्याला जाग येते मिनिटाला चार हजार फेऱ्यांनंतर, आणि बाबांनी आयुष्यात इंजिन तीन हजाराच्या वर फिरवलेलं नाही! चिखलातून गाडी निघणार नाही, बैलगाडीमागं हळू चालवताना दर दोन मिनिटांनी बंद पडणार, आणि मग सेल्फ तर घेतच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक. ब्रेकचं पेडल हलकं लागतं ते इंजिन हवा आत ओढतं त्या ओढीमुळे. इंजिन लंगडलं की ओढ जाते आणि पेडल दगड होतं.

"तुमच्या चहासाठी मी कोणाची बकरी मारू देणार नाई," मी म्हटलं. "ब्रेक म्हंजे ब्रेक. बाबा, बोट उचला."

आमचं दुकानातच जुंपलं. एक गिऱ्हाईक वायपर घ्यायला आलं होतं, ते आमचं भांडण ऐकत पायरीवरच बसलं आणि वायपर न घेताच गेलं. शेवटी तोडगा माझाच. घ्यायचा मधला, दुसरा, पण आत घेणारा आणि बाहेर सोडणारा उंचवटा एकमेकांच्या जरा जवळ आणून घासून मागवायचा. म्हणजे खालची ताकद बरीचशी राहते, ब्रेकपुरती ओढ राहते, आणि जागेवर उभी असताना इंजिन उचक्या देतं. कोइमतूरवाला खूश झाला. त्याला इतक्या उलट्या कामाचं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं होतं म्हणे.

कॅम आला. हायवेवरच्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रीनं तो बसवला. हा मिस्त्री भारी बाताड्या, आणि त्याला खरं कारण सांगायची बाबांनी मला बंदी घातलेली. मग त्यानं स्वतःच कारण शोधलं आणि वडनेरपर्यंत पोचवलं: काका रेसमध्ये उतरून राह्यले. गावात लोक बाबांना थांबवून विचारू लागले, "काका, रेस कवा आहे?" बाबा गंभीर चेहरा करून म्हणत, "घरीच आहे."

पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा मडगार्डवर ठेवलेले पाने खणखण करत खाली आले. धक-धक, धक, धकधक-धक. आरसा थरथरून त्यात काही दिसेना. मिस्त्री घाबरून स्क्रू फिरवायला पुढे झाला तर बाबांनी त्याचा हात धरला. मग त्याचाच अर्धा प्यायलेला चहाचा ग्लास उचलून बॉनेटवर ठेवला. ग्लास सरकला, कडेला आला, पडला आणि फुटला. बाबांनी टाळी वाजवली. मी रिकाम्या रस्त्यावर गाडी नेऊन चारदा करकचून ब्रेक मारून बघितला, पेडल ठीक होतं, मगच किल्ली त्यांना दिली.

परीक्षेचा दिवस रविवार ठरला. मी आधीच माहेरी जाऊन स्वयंपाकघरात बसायचं, बाबा गाडी घेऊन नंतर येणार. आईच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवायचं काम माझं. समजा ताटं वाजली आणि तरीही ती नुसती बसून राहिली, तर बाबांचं काय होईल, हाच विचार डोक्यात.

आई खाली बसून अंबाडीची भाजी निवडत होती. मी आल्यामुळे टीव्ही त्या दिवशी बंद होता. मीही एक जुडी ओढून घेतली. आणि लांबून तो आवाज आला. धक-धक, धक. वळणावर आला असावा. मी आईकडे पाहिलं. ती पानं खुडतच होती.

मग माझ्या लक्षात आलं की आवाज पुढे सरकत नाही. तो वळणावरच थांबलाय. धक-धक, धक, एका जागेवर. मला वाटलं, बंद तर नाही पडत गाडी? चढावर अडकली का? मी उठू की नको करत होते, तेवढ्यात आई मान वर न करता म्हणाली, "बस. येतीन. आता बिस्कूट बुडवून राह्यले असतीन."

माझ्या हातातली जुडी खाली पडली. "आई! तुले ऐकू येते?"

"कोन म्हन्ते नाई येत?"

"अवं पण बाबा..."

"तुह्ये बाबा!" आईनं एक काडी अशी मोडली की मला बाबांची काळजीच वाटली. "वळनावरच्या चहाच्या ठेल्यावर थांबते रोज. गाडी चालूच ठेवते ना थे, मले काय समजत नाई? कट चहा मारते साखरेचा, संगं बिस्कूट. मंग इथं येऊन माहा फिका चहा दोन घोट घेऊन ठेवून देते. मी काय जीवावर आलं म्हून फिका करते का वं? डॉक्टरनं सांगतलं म्हून करते. मले किती जड जाते थे मलेच माहीत. तिथंच प्यायचा तर प्या मंग. म्या मांडनंच बंद केलं. टीव्ही मोठा करून बसते, म्हंजे थे गाडी थांबल्याली ऐकू येऊ नाई मले. आंगाचा जाळ होते."

"म्हणजे तू रुसली आहे?"

"कवाची! दिवाळी झाल्यापासून. बोलत नाई, पाहत नाई. एक दिवस तर मागं येऊन माहं नाव घेतलं त्याहिनं. नाव! मले एवढं हासू आलतं, गाल चावून बसली."

मी पदर तोंडात कोंबला. एक बाई एवढे महिने मन लावून रुसून बसली होती, आणि ते ज्याच्यासाठी होतं त्या माणसानं कोइमतूरहून कॅमशाफ्ट मागवला होता.

आवाज हलला. गल्लीत आला, अंगणात आला, शेडमध्ये शिरला आणि भिंतीला येऊन टेकला. आणि मग आमचं स्वयंपाकघर जे वाजायला लागलं! ताटं, वाट्या, पेले, परातीचं तर बोलायलाच नको. वरच्या फळीवरचा साखरेचा डबासुद्धा नाचत होता. बाबांनी इंजिन चालूच ठेवलं आणि दारात येऊन उभे राहिले. ते आईकडे बघत होते. मी इतकं आशेनं कोणाला कोणाकडे बघताना पाहिलेलं नाही. मिशीला बिस्किटाचा चुरा लागलेला होता.

आईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "अवो, बंद करा थे. ताटं पडतीन माहे. अन मिशी पुसा."

बाबांनी मिशी पुसली. मग हळूच म्हणाले, "ताटाइचा आवाज ऐकू आला तुले?"

"ताटाइचा कायले? ठेल्यावरून ऐकून राह्यली. आज तर दोन कट झाले वाट्टे."

मला वाटलं, आता बाबा ओशाळतील, सारवासारव करतील, ठेलेवाल्यावर ढकलतील. ते मटकन उंबऱ्यावर बसले. दुपट्टा डोळ्यांना लावला. खांदे हलत होते, हसतात की रडतात ते मला कळेना, बहुतेक दोन्ही. "तुले ऐकू येते," ते म्हणाले. "ऐकू येते तुले!"

"मी रुसली आहो!" आई ओरडली. "समजते का काही? चोरून साखर खाऊन राह्यले तुम्ही!"

"हव, खाल्ली. चुकलं. पन तुले ऐकू येते ना!"

आईनं एवढ्या दिवसांचं भांडण जमा करून ठेवलं होतं. त्यातलं अर्धंसुद्धा तिला करता येईना. चोर पकडला तर चोर आनंदानं रडायला लागला, आता याच्याशी भांडायचं कसं? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला सगळं सांगितलं. दुकान, दाढीवाल्याचा ग्लास, बर्तन बजने चाहिए, मांडणी, सगळं. शेडमध्ये इंजिन धकधक करतच होतं, त्यामुळे मलाही ओरडूनच सांगावं लागलं.

ऐकता ऐकता आईचा चेहरा बदलला. "म्हंजे तुमाले वाटलं मी बयरी झाली," ती बाबांना म्हणाली, "अन त्याच्यासाठी अख्खं इंजिन खोललं?"

बाबांनी मान हलवली.

"मले विचाराचं होतं ना एकडाव."

"विचारलं ना. तूच बोलत नोयती."

आईनं अंबाडीच्या काड्या गोळा केल्या. मग उठली आणि म्हणाली, "जा, बंद करून या. हातपाय धुवा." आणि पातेलं घेतलं.

मी त्या दिवशीच जुना कॅम परत बसवून देते म्हणून सांगितलं. पेट्रोल उगाच जास्त जातं, आरसा थरथरतो, गाडीचं वय झालंय. बाबा तयार होते. आईच म्हणाली, "राहू दे. आता कुठी थांबते थे साऱ्या गावाले ऐकू येते."

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले होते. आई आणि मी स्वयंपाकघरात बसून तूरडाळ पाखडत होतो. आई एकदम हात झटकून उठली, "आले," म्हणाली. तिनं गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, स्टूल ओढून वरच्या फळीवरचा डबा काढला आणि त्यातून अगदी चिमूटभर साखर पाण्यात टाकली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले काही दिसलं नाई."

मी कान देऊन ऐकत होते. एवढी मोठी कॅमवाली गाडी, पण मला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं. चहाला उकळी फुटली, तेव्हा कुठं वळणावरची धक-धक मला ऐकू आली, ती न थांबता पुढे आली आणि मांडणीवरचं पहिलं ताट वाजलं.